शून्य, की मोजलंच नाही?

एक फाइल आहे. फुकट आहे, कुणालाही डाउनलोड करता येते. तिच्यात ३२,२०९ ओळी आहेत आणि प्रत्येक ओळ म्हणजे एक जीव. अमेरिकेतल्या ओरेगन राज्यात मॅक क्रीक नावाचा डोंगरी ओढा आहे. तिथे पाण्यात विजेचा सौम्य झटका देऊन मासे आणि सॅलमँडर क्षणभर बधिर करतात, जाळीत घेतात, लांबी मोजतात, वजन करतात आणि पुन्हा सोडून देतात. प्रत्येक जिवाची एक ओळ. १९८७ पासून २०१९ पर्यंत, दर उन्हाळ्यात.

'आर' ही संख्याशास्त्राची भाषा शिकणाऱ्यांना सरावासाठी जे तयार डेटासेट मिळतात, त्यांत ही फाइल असते. त्यामुळे ज्यांनी ओरेगन नकाशातही पाहिलं नाही अशा मुलामुलींनी जगभर बसून या माशांची सरासरी काढली आहे. त्यांतली मीही एक. आता गंमत बघा. या फाइलमधून दर वर्षी किती सॅलमँडर सापडले याचा आलेख काढा. (सॅलमँडर म्हणजे दिसायला पालीसारखा, पण जातकुळी बेडकाची. मॅक क्रीकमधला चांगला दांडगा असतो, ट्राउट माशाच्या पिल्लांनाही सोडत नाही.) तर १९८७ पासून १९९२ पर्यंत आलेख सपाट, काही नाही. १९९३ ला एकदम शेकडो. मग पुढे कायम.

काय झालं असेल १९९३ ला? पूर? हवामान? कुठून आले एवढे?

काही झालं नव्हतं. सॅलमँडर हजारो वर्षं तिथेच होते. मोजायला सुरुवात १९९३ ला झाली, एवढंच. फाइलसोबत जे माहितीपत्रक येतं त्यात हे एका वाक्यात लिहिलेलं आहे. ते वाक्य वाचलं तर आलेखाचा एक अर्थ, नाही वाचलं तर भलताच. ते वाक्य तिथे कसं आलं, ते कुणी आणि का लिहून ठेवलं, याचा इतिहास मला आलेखापेक्षा जास्त रंजक वाटतो. त्या इतिहासात काही जंगलं उभी राहिली आहेत आणि काही तुटली आहेत.

आधी ओढ्याच्या काठाविषयी थोडं. आपण ओढा म्हणतो तेव्हा डोळ्यांसमोर पाणी येतं. पण ओढ्यातल्या जिवांसाठी काठ हा ओढ्याचाच भाग आहे. काठावरच्या झाडाची सावली पाणी थंड ठेवते. पानं पडतात, किडे ती खातात, मासे किडे खातात. मुळं माती धरून ठेवतात. झाड म्हातारं होऊन आडवं पडलं की त्याच्यामागे डोह तयार होतो. आपल्याकडे उंबर, करंज, वाळुंज हे ओढ्याकाठचे गडी. तिकडे डग्लस फर, सीडर, हेमलॉक. साठ-सत्तर मीटर उंचीची आणि पाचशे वर्षं वयाची झाडं. लाकूड म्हणून सोन्याच्या किमतीची.

१९५० च्या दशकात ओरेगनमध्ये लाकूडतोड जोरात होती आणि झाडं थेट पाण्याच्या कडेपर्यंत तोडली जात. त्याने सॅमन आणि ट्राउट माशांचं काय होतं, यावर वाद होता. मासेमार म्हणत नुकसान होतं, लाकूडवाले म्हणत पुरावा दाखवा. दोन्हीकडे मतं भरपूर होती आणि आकडे नव्हते.

मग समुद्राजवळच्या डोंगरांत, अल्सी नदीच्या खोऱ्यात, शेजारशेजारचे तीन छोटे ओढे निवडले गेले. फ्लिन क्रीक, डिअर क्रीक आणि नीडल ब्रँच. १९५९ च्या सुमारास काम सुरू झालं. पहिली सात वर्षं काय केलं? काहीच तोडलं नाही. फक्त मोजलं. पाणी किती वाहतं, किती गढूळ आहे, किती गरम आहे, मासे किती. सात वर्षं! प्रकल्पाचा अहवाल मार्चअखेर द्यायची सवय असलेल्या माणसाला हा संयम झेपणारा नाही.

१९६६ मध्ये तोड झाली. नीडल ब्रँचचं जवळजवळ सगळं पाणलोट सरसकट, काठापर्यंत तोडलं आणि मागे राहिलेला पालापाचोळा पेटवून दिला. डिअर क्रीकमध्ये तुकड्यातुकड्याने तोडलं आणि ओढ्यालगत झाडाझुडपांचा पट्टा ठेवला. फ्लिन क्रीकला हात लावला नाही.

जॉर्ज ब्राउन आणि जेम्स क्रायगिअर यांनी १९७० मध्ये तापमानाचे आकडे छापले. नीडल ब्रँचमधलं वर्षातलं सर्वांत जास्त तापमान आधी ५७ अंश फॅरनहाइट असायचं. तोडीनंतरच्या वर्षी ते ८५ झालं. म्हणजे सुमारे १४ अंश सेल्सिअसवरून २९ वर. थंड पाण्यात जगणाऱ्या ट्राउटला हे म्हणजे फ्रीजमधून काढून उन्हात ठेवण्यासारखं. आणि डिअर क्रीक, जिथे काठाचा पट्टा राखला होता? तिथे तोडीमुळे म्हणता येईल असा तापमानात काहीही फरक नाही.

या गोष्टीतला माझा आवडता ओढा मात्र फ्लिन क्रीक आहे. त्याच्यावर काहीच घडलं नाही, म्हणून बातमीत त्याचं नाव येत नाही. पण तो नसता तर कुणीही म्हणालं असतं, 'अहो, त्या वर्षी उन्हाळाच कडक होता.' फ्लिन क्रीकच्या वहीने हे तोंड बंद केलं. उन्हाळा कडक असता तर त्यालाही लागला असता की. न छेडलेल्या ओढ्यावर दर आठवड्याला चिखल तुडवत जायचं, तेच ते आकडे लिहायचे आणि 'आजही काही नाही' म्हणून परत यायचं. हे काम करणाऱ्यांची नावं लोकांच्या लक्षात राहत नाहीत.

१९७१ मध्ये ओरेगनने जंगल-व्यवहाराचा कायदा केला. अमेरिकेतल्या राज्यांमधला या प्रकारचा तो पहिला. त्यामागे अल्सीच्या अभ्यासाचं वजन होतं. आणि गोष्ट तिथे संपली नाही. नीडल ब्रँचला पुन्हा झाडं वाढली, चार दशकं गेली, आणि २००९ मध्ये तिथल्या वरच्या भागात दुसऱ्यांदा तोड झाली, या वेळी नव्या नियमांनुसार, माशांच्या भागात काठाचा पट्टा राखून. संशोधक पुन्हा तिथे गेले. पाण्याच्या तापमानाने पहिल्या वेळेसारखी उडी घेतली नाही. पण 'पहिल्या वेळेसारखी' हे शब्द उच्चारायला पहिल्या वेळेचे कागद हातात असावे लागतात, आणि तेव्हा नेमकं कुठे, कशाने मोजलं होतं हेही माहीत असावं लागतं.

आता थोडं पूर्वेला, कॅस्केड पर्वतात येऊ. मॅक क्रीक इथला. १९४८ मध्ये सरकारने सुमारे ६,४०० हेक्टर जंगल प्रयोगासाठी बाजूला काढलं. आज ते एच. जे. अँड्र्यूज प्रायोगिक जंगल म्हणून ओळखलं जातं. स्थापनेमागचा हेतू निसर्गरक्षण वगैरे नव्हता बरं का. जुनं जंगल तोडून नवं कसं लावायचं, रस्ते कसे काढायचे, याचा तो अभ्यास होता. १९५२ पासून तिथल्या छोट्या पाणलोटांवर प्रवाह मोजायला सुरुवात झाली. एक पाणलोट १९६२ ते १९६६ मध्ये पूर्ण तोडलं, शेजारचं तसंच ठेवलं.

त्या काळात ओरेगनमध्ये ओढे 'साफ' करायची पद्धत होती. पात्रात आडवे पडलेले ओंडके म्हणजे अडथळा, मासे वर कसे जाणार, काढा ते. यंत्रं लावून, पैसे खर्चून, चांगल्या हेतूने मत्स्य खात्याची माणसं आणि लाकूडतोडे मैलच्या मैल ओढे साफ करत. आपल्याकडच्या पावसाळ्याआधीच्या नालेसफाईची आठवण येते. तिची गरज शहरात असतेच, पण काय काढलं आणि तिथे आधी काय होतं, याची नोंद तिथेही कुणी करत नाही.

१९७० च्या दशकात फ्रेड स्वॅन्सन हे भूवैज्ञानिक, जिम सेडेल, स्टॅन ग्रेगरी ही मंडळी अँड्र्यूजमध्ये ओढ्यांतले ओंडके मोजू लागली. कुठला ओंडका कुठे, किती जाड, त्याच्यावर किती वयाचं रोप उगवलंय. रोपाच्या वयावरून कळतं की ओंडका निदान तितकी वर्षं तिथेच पडून आहे. लक्षात असं आलं की ही अडगळ नव्हे. ओंडक्यांमुळे डोह होतात, खडी अडते, पुरात माशांना आडोसा मिळतो, पानं वाहून न जाता कुजतात आणि किड्यांना खायला मिळतात. म्हणजे वीसेक वर्षं लोकांनी माशांची घरं माशांच्याच भल्यासाठी उपसून काढली होती. पुढे तेच ओंडके लाखो डॉलर खर्चून पुन्हा ओढ्यांत टाकले गेले.

मला यातली खंत वेगळी वाटते. ओढे साफ करण्याआधी तिथे किती ओंडके होते, हे बहुतेक ठिकाणी कुणालाच ठाऊक नाही, कारण जुन्या तक्त्यांत ओंडक्यांचा रकानाच नव्हता. जे अडगळ वाटतं त्याला रकाना कोण ठेवणार?

चांगल्या आकड्यांचा एक त्रासही असतो. ते आपल्या बाजूने बोलतीलच असं नाही. मॅक क्रीकमध्ये अभ्यासाचे दोन तुकडे आहेत. एका ठिकाणचं जंगल १९६३ च्या सुमारास तोडलेलं, दुसरं वरच्या अंगाला, पाचशे वर्षांचं. १९७० च्या दशकातच दिसलं की उघड्या, उन्हातल्या तुकड्यात ट्राउट जास्त आहेत. ऊन आलं, शेवाळ वाढलं, किडे वाढले, मासे वाढले. पाणी तिथे मुळात इतकं थंड की थोडं ऊन मानवलं. लाकूडवाल्यांना हे वाक्य किती प्रिय वाटलं असेल! पण पुढे तोडलेल्या जागी दाट कोवळं जंगल उभं राहतं, ऊन पुन्हा बंद होतं आणि जुने ओंडकेही हळूहळू कुजून संपतात. एका वर्षाचा फोटो आणि चाळीस वर्षांचा चित्रपट यांत हा फरक. शेजारच्या त्या तोडलेल्या पाणलोटाचंही तसंच. शेरी जॉन्सन आणि ज्युलिया जोन्स यांनी २००० साली दाखवलं की तिथलं उन्हाळ्यातलं कमाल तापमान ७ अंश सेल्सिअसने वाढलं होतं आणि पूर्वपदावर यायला १५ वर्षं लागली. तीन वर्षांच्या प्रकल्पाला ही पंधरा वर्षं दिसूच शकत नाहीत.

पण इतकी वर्षं आकडे टिकले कसे? सुरुवातीचं तापमान कागदाच्या गुंडाळीवर पेन फिरवून नोंदलं जाई. मग पंच कार्ड आली, मग टेप, मग फ्लॉपी. प्रत्येक उडीत काहीतरी सांडतं. त्याहून वाईट म्हणजे आकडे राहतात आणि अर्थ सांडतो. 'सी' म्हणजे काय? मॅक क्रीकच्या फाइलमध्ये 'सी' म्हणजे पायऱ्यापायऱ्यांनी कोसळणारं पाणी, 'पी' म्हणजे डोह, 'सीसी' म्हणजे तोडलेला तुकडा, 'ओजी' म्हणजे जुनं जंगल. माशाची लांबी नाकापासून शेपटीच्या खाचेपर्यंत घेतात, सॅलमँडरची आणखी वेगळी. हे कुठेतरी लिहिलेलं नसेल तर उरतात ती नुसती अक्षरं.

आपल्याकडे सातबाऱ्यावर 'शेरा' नावाचा रकाना असतो ना, शेवटचा, बहुतेक वेळा रिकामा? जमिनीचे निम्मे वाद ज्याच्यावर ठरतात तो. शास्त्रीय नोंदींतल्या शेऱ्याला आता मेटाडेटा असं भारदस्त नाव आहे. १९८० मध्ये अमेरिकेत दीर्घकालीन पर्यावरण अभ्यासाच्या केंद्रांचं जाळं सुरू झालं. पहिल्या सहा केंद्रांत अँड्र्यूज होतं. त्याच दशकात ओरेगन स्टेट युनिव्हर्सिटीत सुझन स्टॅफर्ड आणि त्यांच्या गटाने जंगलाच्या नोंदींची एक बँक उभी केली, फॉरेस्ट सायन्स डेटा बँक. संशोधकाने नुसती फाइल देऊन चालायचं नाही. कुठे, कधी, कुठल्या उपकरणाने, कुठल्या एककात, कोणता कोड म्हणजे काय, हेही द्यायचं. संशोधकांना हे आवडलं असेल असं समजू नका. शोधनिबंध लिहिला की नाव होतं. कोडांची यादी लिहिली की दुपार जाते, बस.

१९९७ मध्ये विल्यम मिचनर आणि सहकाऱ्यांनी एक लेख लिहिला आणि त्यात एक साधा आलेख काढला. आडव्या अक्षावर काळ, उभ्या अक्षावर एखाद्या डेटाविषयी शिल्लक राहिलेली माहिती. निबंध छापला जातो तेव्हा रेघ सर्वांत वर. मग बारीक तपशील विसरले जातात, रेघ उतरते. मग ढोबळ तपशीलही जातात. मध्येच अपघात, कुणाची हार्ड डिस्क, कुणाची पेटी. मग माणूस निवृत्त होतो किंवा नोकरी बदलतो, रेघ कोसळते. शेवटच्या टप्प्यावर लिहिलेलं असतं, मृत्यू. डेटा सांभाळणाऱ्या लोकांमध्ये हा आलेख फार प्रसिद्ध आहे. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा हसले, आणि मग आमच्या गटाच्या शीटची आठवण आली.

तिच्याकडे येते, पण त्याआधी हे आकडे शेवटी कुठे पोचले ते सांगते. १९९० मध्ये ठिपकेवालं घुबड धोक्यातल्या प्रजातींच्या यादीत आलं, कोर्टाने सरकारी जंगलातली तोड थांबवली, गावागावांत भांडणं झाली. १९९४ मध्ये तोडगा म्हणून वायव्य अमेरिकेतल्या जवळपास एक कोटी हेक्टर सरकारी जमिनीसाठी एक आराखडा आला. त्यात ओढ्याकाठच्या पट्ट्याची रुंदी ठरली. मासे असलेल्या ओढ्याला दोन्ही बाजूंना दोन पूर्ण वाढलेल्या झाडांच्या उंचीइतका, किंवा ३०० फूट, यांतला जो जास्त असेल तो. उन्हाळ्यात आटणाऱ्या ओढ्यांनाही पट्टा मिळाला. माप म्हणून झाडाची उंची घेतली, कारण झाड पडलं तर ते कुठवर पोचेल आणि सावली कुठवर पडेल, हे उंचीवर ठरतं. ओंडके मोजणाऱ्यांची मेहनत अशी थेट नियमात उतरली.

मग नवीनच अडचण आली. एवढ्या मुलखातले ओढे सुधारताहेत का, हे बघायला वेगवेगळ्या खात्यांचे, राज्यांचे गट मोजणी करू लागले. प्रत्येकाची पद्धत आपापली. २००५ च्या उन्हाळ्यात सात गटांना जॉन डे नदीच्या खोऱ्यात, त्याच १२ ओढ्यांवर मोजायला लावलं. निकाल २०१० मध्ये छापून आला. ओढ्याचा उतार वगैरे गोष्टी बऱ्यापैकी जुळल्या. पण डोह? डोह म्हणजे काय यावरच एकमत नव्हतं. किती लांब असला की डोह, किती खोल असला की डोह. तोच ओढा, तोच उन्हाळा आणि डोहांची संख्या वेगवेगळी. आपल्या भाषेत तर डोह, कोंड, कुंड, डबकं असे शब्दच शब्द आहेत. कुकडीच्या पात्रातले निघोजचे रांजणखळगे तुम्ही कशात धराल? ठरवा, पण ठरवलेलं लिहून ठेवा, नाहीतर पुढच्या वर्षीचा माणूस वेगळं ठरवेल आणि आलेखात डोह वाढलेले दिसतील.

आता आमची शीट. मी पुण्यात एका छोट्या गटासाठी एका ओढ्याच्या नोंदींची शीट सांभाळते. रविवारी सकाळी जमेल ते जातात, पाणी, काठावरची झाडं, पक्षी, बेडूक जे दिसेल ते टिपतात. २०१९ च्या २५ सप्टेंबरच्या रात्री आंबिल ओढ्याला पूर आला, माणसं गेली, घरं गेली. त्यानंतर शहरात अचानक सगळ्यांना ओढे दिसायला लागले. निळी रेषा, लाल रेषा हे शब्द व्हॉट्सॲपवर फिरले. निळी पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल शंभर वर्षांतल्या. त्या रेषा पाणी कुठवर येईल ते सांगतात. काठावर काय जगतं, हे सांगणं त्यांचं कामच नाही. ते कुणीतरी वेगळं लिहायला लागतं.

शीटमध्ये 'बेडूक' रकान्यात कुठे ०, कुठे रिकामं. शून्य म्हणजे बघितले आणि नव्हते. रिकामं म्हणजे बघितलंच नाही, किंवा बघणारा आला नाही, किंवा पाऊस होता. एकदा कुणीतरी नीटनेटकं दिसावं म्हणून सगळ्या रिकाम्या चौकटींत शून्य भरायचं सुचवलं, तेव्हा मी मॅक क्रीकचा सॅलमँडरचा आलेख दाखवला. आता आमच्याकडे तीन जादा रकाने आहेत: कोण गेलं, किती वेळ थांबलं, आणि काय बघितलं नाही. शेवटच्या रकान्यावरून गटात कुरकुर आहे. जे बघितलं नाही ते लिहायचं म्हणजे काय, असं आमचे एक काका दर रविवारी विचारतात आणि दर रविवारी नेमाने लिहितातही.

आमच्याकडे फ्लिन क्रीक मात्र नाही. शहरात न छेडलेला ओढा आणायचा कुठून? सिंहगडाच्या बाजूला किंवा वर घाटात, एखाद्या देवराईतून वाहणारा, असा एखादा शोधावा आणि तिथेही कुणी जात राहावं, असं बोलणं चालू आहे. पेट्रोल कोण भरणार, यावर ते सध्या अडलंय.

तिकडे २०२३ च्या ऑगस्टमध्ये अँड्र्यूजच्या जंगलात वीज पडली. आग लागली आणि आठवडे धुमसत राहिली. प्रायोगिक जंगलाचा साधारण ७० टक्के भाग तिच्या कचाट्यात आला. पाचशे वर्षांची झाडंही त्यात होती. मुख्य ठाण्याच्या इमारती वाचल्या. आकडे तर आधीच बाहेर, सुरक्षित होते. सत्तर वर्षांचा प्रवाह, दशकांचं तापमान, प्रत्येक माशाची ओळ.

त्यामुळे आगीने या ओढ्यांचं काय केलं, हे तिथल्या लोकांना अंदाजाने सांगावं लागणार नाही. पण कामं पडली आहेत. कुठला संवेदक जळाला, नवा कधी बसवला, तो जुन्यापेक्षा अर्धा अंश जास्त दाखवतो का. आणि 'ओजी' म्हणजे जुनं जंगल, या कोडाचंही बघावं लागेल. जळलेल्या जुन्या जंगलाला डेटात जुनंच म्हणायचं की काही तिसरं नाव द्यायचं, हे कुणीतरी बसून ठरवेल, आणि तारीख टाकून शेऱ्यात लिहील.